अकरा अंश

३ मार्च, सोमवार

आलो एकदाच्या. ट्रक दोनला पोचला आणि चार वाजेपर्यंत आईने गॅस, चहाची भांडी आणि तिची वेताची खुर्ची एवढं लावूनसुद्धा टाकलं. बाकीचं सामान खोक्यांत पडून आहे, आणि त्याला तिथेच बरं वाटतंय असं तिचं मत आहे. वसाहतीतलं घर झकास आहे. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला खिडकी नाही, दिवसाही ट्यूबलाइट लावावी लागते, पण एवढं चालायचंच.

सामानवाल्याला आई अभिमानाने सांगत होती की मुलगी स्टेशनात मोठ्या हुद्द्यावर लागली आहे. त्याने विचारलं, कुठली गाडी जाते इथून? मग मीच समजावलं की हे कन्व्हर्टर स्टेशन. लांबच्या धरणावरची वीज डीसी होऊन इथवर येते, इथे तिची एसी होते आणि शहरांना जाते. म्हणजे गाड्या नाहीत, असं म्हणून तो बिचारा हिरमुसला.

मग आईने विचारलं, तू त्यात नक्की काय करणार? इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, म्हणून मीही मन लावून सांगितलं. एसी वीज सेकंदाला पन्नास गिरक्या घेते. गरगरणारी गोष्ट मोजायची तर आपणही तिच्याबरोबर तितक्याच वेगाने फिरायचं. मैदानाभोवती दोघं खांद्याला खांदा लावून पळत असले तर एकाला दुसरा जागच्या जागी दिसतो, पळतं ते मैदान. आमचा कंट्रोलर असा विजेच्या जोडीने पळतो. त्याला आम्ही फिरती चौकट म्हणतो. चौकटीचा कोन विजेशी नेमका जुळला की सगळं स्थिर दिसतं. तो कोन सांभाळणं हे माझं काम.

आईने थोडा विचार केला. म्हणाली, "तुझे बाबा तसेच. चाळीस वर्षं मी त्यांच्या बरोबरीने पळत होते, म्हणून मला वाटायचं हा माणूस जागचा हलत नाही."

ही वही तिनेच घेऊन दिली आहे. बोलायला कोणी नसेल तेव्हा लिही, म्हणाली. ती असताना बोलायला कोणी नाही असं कधी होईल, देव जाणे.

४ मार्च, मंगळवार

लोक तुसडे आहेत. हे उगाच लिहीत नाही, दिवसभर मोजून बघितलं. साहेबांनी रुजू होण्याच्या कागदावर सही केली ती मान वर न करता. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरला सगळे लंबू म्हणतात. दारातून वाकून येतो आणि वाकलेलाच राहतो. मी नमस्कार केला तर त्याने माझ्या मागच्या भिंतीकडे बघून मान हलवली. मला खुर्ची नव्हती. मागितली तर म्हणाला की स्टोअरमधून आणा. स्टोअरवाली बाई माझ्याच वयाची असेल. तिने एका खुर्चीसाठी तीन ठिकाणी सह्या घेतल्या आणि जी दिली तिचं एक चाक निखळलेलं होतं.

माझ्या आधीचा इंजिनिअर कुठे गेला, असं विचारलं. लंबू म्हणाला, सोडून गेला. स्टोअरवालीने काउंटरची फळी खाली आपटली. माझी बोटं थोडक्यात वाचली.

एक गंमत. डीसीची एसी करणारी यंत्रं ठेवलेल्या व्हॉल्व्ह हॉलच्या रस्त्यावर आणि पंपघरात सगळे दिवे बॅटरीवर चालतात. एवढी वीज दारात असताना बॅटरी. विचारलं तर उत्तर आलं की लुकलुक नको, डोळे दुखतात.

६ मार्च, गुरुवार

स्टेशन रोज एकदा तरी आपोआप बंद पडतं आणि दोन शहरं अंधारात जातात. मला त्यासाठीच आणलंय. आज कारण सापडलं, आणि ते इतकं बावळट आहे की आधी माझाच विश्वास बसेना. प्रोग्रॅममध्ये कोणीतरी हाताने कोनात अकरा अंश मिसळून ठेवले आहेत. चौकट सतत विजेच्या अकरा अंश मागून पळते. जोडीने पळायचं सोडून कोणी मुद्दाम दोन पावलं मागे राहावं, तसं. यंत्रं तापणार नाहीत तर काय होईल?

साहेबांना सांगितलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ते अकरा सोडून बाकी काय हवं ते दुरुस्त करा. कारण विचारलं तेव्हा म्हणाले की मॅडम, दार तुमच्या मागे आहे.

बाहेर आले तर स्टोअरवाली उभी होती. तिने ऐकलं असावं. तिने मला स्टोअरमध्ये नेऊन चहा दिला, चांगली खुर्ची दिली आणि हळूच विचारलं की ते अकरा अंश खरंच काढता येतात का. मी म्हटलं, एका मिनिटात. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, इथे एक तरी माणूस आहे ज्याला कामाची चाड आहे.

१० मार्च, सोमवार

माझ्या संगणकावर जुनी मोजमापं घेतली आणि अकरा अंश वजा करून नेमक्या चौकटीत मांडून बघितली. सगळं सुरेख सरळ. फक्त मोजमापाच्या सोळा तारांपैकी शेवटच्या तारेचं कोडं आहे. ही तार मोकळी आहे, तिला काहीही जोडलेलं नाही. साध्या आलेखात तिच्यावर नुसता कचरा दिसतो, गवत वाढावं तसा. नेमक्या चौकटीत मात्र तिथे एक सरळ रेघ येते. म्हणजे विजेच्या अगदी बरोबरीने काहीतरी फिरतंय आणि त्याला जोडणी नाही.

लंबूला दाखवली. त्याने पडदाच बंद केला. दुपारी माझ्या टेबलाच्या खणात कोणीतरी शाई ओतली होती.

आईला सांगितलं तर म्हणाली, तूही थोडी वाकडी वाग, सरळ माणसाला सगळे वाकवतात.

१२ मार्च, बुधवार

केलं. साहेबांना टाळून मुख्य कार्यालयाला फोन केला, हिशेब पाठवला, त्यांनी होकार दिला. सकाळी दहाला अकरा काढून शून्य घातलं आणि पासवर्ड बदलला. आता माझ्याशिवाय कोणाला तिथे हात लावता येणार नाही.

यंत्रांचा घोगरा आवाज एकदम गोड झाला. लंबू खुर्चीतून उठला आणि डबा न घेता घरी गेला. साहेब दारात आले आणि म्हणाले की तुम्हाला कोणी आहे का, म्हणजे घरी. आई आहे, म्हटलं. ते म्हणाले, तिला परत पाठवा.

धमकी द्यायची ही कुठली रीत?

१४ मार्च, शुक्रवार

सगळं क्रमाने, नीट लिहिते.

दोन दिवस स्टेशन एकदाही बंद पडलं नाही. मुख्य कार्यालयाकडून शाबासकीचं पत्र आलं. अकरा वाजता पंपघरात गेले. पंपाचा जोड तपासायला स्टोअरवालीने स्ट्रोब दिवा दिला होता, न मागता. हा दिवा फार वेगाने लुकलुकतो. लुकलुक विजेच्या गिरकीशी जुळवली की फिरणारा पंप थांबल्यासारखा दिसतो. बॅटरीचे दिवे मालवले, स्ट्रोब लावला. पंप थांबला.

पंपाच्या पलीकडे एक माणूस उभा होता. निळा डगला, आमच्याच स्टेशनचा. माझ्याकडे पाठ. दोन्ही हात भिंतीला टेकलेले, जणू भिंतीला धरून ठेवलंय.

मी विचारलं, कोण आहे? स्ट्रोब बंद करून दिवे लावले. तिथे कोणी नव्हतं, भिंतीवर हातांचे ठसेही नव्हते. पुन्हा स्ट्रोब. पुन्हा तो, आणि आता भिंतीपासून सुटलेला. जमिनीच्या फरशा मोजल्या. मघाशी पंपापासून सहा फरशा होत्या, आता पाच. पाठ तशीच. मी बघत राहिले. चार.

बाहेर धावत आले ती लंबूवर आदळले. त्याने माझं मनगट असं आवळलं की अजून वळ आहे. किती वेळ बघितलंत, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मग पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं.

माझ्या आधीच्या इंजिनिअरने कोन इतका नेमका जुळवला होता, जितका आजवर कोणी जुळवला नव्हता. तीन वर्षांपूर्वी, भर सकाळी, पंपघरात, हातात चहाचा कप असताना, लंबूच्या डोळ्यांसमोर तो नाहीसा झाला. कप खाली पडला. नंतर लुकलुकत्या उजेडात तो दिसायला लागला. बघितलं की जवळ यायचा. एका फिटरने हात धरून ओढायला बघितलं, तर फिटरही गेला. मग या लोकांनी कोनात अकरा अंश घातले आणि दिवे बॅटरीवर नेले. तेव्हापासून कोणी दिसलं नाही.

मी विचारलं, मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर तुम्ही बघायला गेला असता, मॅडम," तो म्हणाला.

त्याने अकरा पुन्हा घालायला विनवलं. साहेबांनीही पासवर्ड मागितला. मी म्हटलं, लेखी हुकूम द्या, सोमवारी बघू. असं का म्हटलं? ते पत्र पर्समध्ये होतं म्हणून. त्या खणातल्या शाईमुळे. मला त्यांच्याकडून हरायचं नव्हतं.

१६ मार्च, रविवार

आज चहा घेताना आई म्हणाली की नळ दुरुस्तीला आलेला माणूस तुझ्या स्टेशनातलाच दिसतो, तसाच तुसडा. मला कळेना. ती म्हणाली, अगं कालपासून येतोय. स्वयंपाकघरात भांड्यांच्या फळीपाशी पाठ करून उभा असतो. तीनदा चहा विचारला, हूं नाही की चूं नाही. शेवटी मी स्टूल घेऊन समोर बसले, म्हटलं कधीतरी वळेल.

निळा डगला का, असं मी विचारलं. हो, म्हणाली.

वसाहतीला वीज स्टेशनातूनच येते. ट्यूबलाइट विजेच्याच तालावर लुकलुकते. हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? त्याला बघितलं मी. माझ्या मागे घरी आला तो. आणि आई त्याच्यासमोर स्टूल टाकून बसली.

ट्यूब बंद केली. आईला बजावलं की काही झालं तरी स्वयंपाकघरात जायचं नाही. ती हसली. अकरा घालायला निघाले आहे.

१६ मार्च, पुन्हा

स्टोअरवाली कंट्रोल रूमच्या दाराला आतून कडी लावून बसली होती. तो इंजिनिअर तिचा नवरा. तीन वर्षं ती कोणीतरी येऊन अकरा काढेल याची वाट बघत होती. म्हणूनच चहा. म्हणूनच तो दिवा. मी दाराबाहेरून हात जोडले, शिव्या दिल्या, आई एकटी आहे म्हणाले. ती आतून म्हणाली की माझाही माणूस एकटाच आहे.

लंबूने दार तोडलं तोवर तास गेला. मला आधी आईला बघायचं होतं. म्हटलं, दोन मिनिटांत परत येऊन घालते.

ट्यूब चालू होती. ओट्यावर दोन कप भरलेले. एक त्याच्यासाठी असणार. दुसरा फरशीवर—

नाही, ओट्यावर एकच. दुसरा फरशीवर होता, फुटलेला. चहा कोमट होता अजून.

१७ मार्च, सोमवार

ती आहे. फळीपाशी. राखाडी स्वेटर, अंबाडा, अंबाड्यात माझीच पिन. माझ्याकडे पाठ. तिच्या बाजूला तो, त्याचीही पाठ. ट्यूब बंद केली की दोघंही नाहीत. लावली की आहेत.

आई, अशी हाक मारली. शंभरदा मारली असेल.

लंबू व्हरांड्यात आला होता. म्हणाला की आता तरी घाला. घातले तर ती दिसायची बंद होईल. ती तिथेच असेल आणि मला दिसणार नाही. मी पासवर्ड दिला नाही. तो म्हणाला, स्टोअरवाली तीन वर्षांपूर्वी हेच बोलली होती.

१९ मार्च, बुधवार

स्टोअरवाली सकाळी आली. मी तिला मारायला धावले, तर तिने मार खाल्ला, हात वर केला नाही. नंतर आम्ही दोघी स्वयंपाकघरात खुर्च्या टाकून बसलो. ती तिच्या माणसाकडे बघत होती, मी माझ्या. ती त्याला घरातल्या गोष्टी सांगत होती. गळकी टाकी दुरुस्त केली, तुझ्या बहिणीला मुलगी झाली. दुपारी तो तिच्यापासून हातभर होता. ती उठली, केस सारखे केले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

खुर्ची रिकामी झाली. मी ती बाजूला सरकवली. मला बरंच वाटलं. तिच्या खुर्चीमुळे आई नीट दिसत नव्हती.

ते दोघं पुढे कुठे गेले माहीत नाही. आता ट्यूबखाली आई एकटीच आहे.

२० मार्च, गुरुवार

कामावर गेले नाही. ट्यूब मालवत नाही. आई माझ्यापासून नऊ फरशांवर होती. दुपारी सात. मी डोळे मिटले की थांबते. उघडले की—

तिचे खांदे आक्रसलेले आहेत. थंडी वाजते का तिला?

सहा.

२१ मार्च, शुक्रवार

लंबूने दाराबाहेरून सांगितलं. कंट्रोलर बनवणाऱ्या कारखान्याचा माणूस मुख्य किल्ली घेऊन निघालाय. उद्या बाराला कुलूप उघडून अकरा घालणार, माझ्या पासवर्डशिवाय. त्याआधी घराबाहेर या, म्हणाला. बायकोने तुमचं जेवण केलंय. आमच्या घरी बॅटरीचे दिवे आहेत, खुशाल झोपा. बोलताना रडत होता. हाच माणूस पहिल्या दिवशी माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

येते म्हटलं. एकदा आईचं तोंड दिसू दे, मग येते.

तीन फरशा. पाठच.

२२ मार्च, शनिवार, सकाळ

दोन. स्वेटरची वीण दिसते. ती मान हलवतेय. नाही म्हणाल्यासारखी.

हात पोचेल आता—

मी धरला. मी—

सव्वाअकरा

आई समोर बसली आहे. तोंड माझ्याकडे. अगदी तिचंच तोंड, चष्म्यासकट. मी इतकी रडले. ती मात्र रागावली आहे. म्हणते की पाठ करून उभी होते ती तुझ्यासाठी. फळीला धरून उभी होते. तू बघतेस तेव्हा ओढ बसते, हात सुटतात. तो बिचाराही तसाच धरून उभा होता, आणि मी बावळट स्टूल टाकून बघत बसले. नको बघू, नको बघू, किती ओरडले मी.

म्हटलं, मला ऐकू आलं नाही गं.

लिहितेय तर उमटतंय. बाकी कप उचलता येत नाही. ट्यूब लुकलुकत नाही आता. सगळं थांबलंय. भिंती मात्र—

पावणेबारा

लंबू आत आला. सगळीकडे बघतोय. माझ्या खुर्चीपाशी उभा राहिला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि मॅडम अशी हाक मारली. मी ओ दिली. त्याने पुन्हा मारली. ट्यूब त्यानेच आल्या आल्या बंद केली वाटतं, कोणी दिसू नये म्हणून. हातात बॅटरीचा दिवा आहे.

त्याच्या कानाला फोन आहे. साहेबांना सांगतोय की घर रिकामं आहे. मॅडम बाहेर पडल्या असणार. मॅडमची वाट बघू नका म्हणतोय, अकरा घाला.

लंबू. मी आहे इथे. ट्यूब लावा. एकदा बघा इकडे—

वही त्याच्या समोर धरली. तो वहीतून पलीकडे बघतोय.

आईने माझा हात धरलाय. विचारतेय, अकरा घातले की आपलं काय होतं गं? तुला माहीत असेल, तुझंच काम.

मला माहीत नाही आई. आपण पळत राहू आणि मैदान

भिंत सरकली. दोन पावलं. आईचा हात

लंबू, नका घालू, लंबू, न